बुलडाण्याचा अनुशेष आणि पुण्याची गोखले संस्था

जिगाव धरणाचा विषय निघाला की नांदुरा-मलकापूरकडे अनुशेष हा शब्द पाठोपाठ येतोच. तो पुढाऱ्याच्या भाषणात असतो, दैनिकाच्या मथळ्यात असतो आणि बुडीत क्षेत्रातल्या शेतकऱ्याच्या तक्रारीतही. मात्र अनुशेष मोजला कुणी आणि कसा, असं विचारलं तर बहुतेकांचं उत्तर ‘दांडेकर समिती’ एवढ्यावर थांबतं. समितीचे अध्यक्ष वि. म. दांडेकर ज्या संस्थेत घडले आणि जिचे ते पुढे संचालक झाले, ती पुण्याची गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था. बुलडाण्याहून ती लांब आहे, पण जिल्ह्याची तूट मोजायची रीत ज्यांनी घालून दिली ते तिथलेच.

साताऱ्याच्या रावबहादूर रा. रा. काळे यांनी देणगी दिली, भारत सेवक समाजाने पुढाकार घेतला आणि ६ जून १९३० रोजी संस्था सुरू झाली. पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ तेव्हा तिशीच्या आतले होते. भारताच्या औद्योगिक स्थित्यंतरावरचं त्यांचं पुस्तक १९२४ मध्येच आलं होतं. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इथल्या कापसाचे भाव कसे चढले आणि मग कसे कोसळले, हे त्यात आहे. वऱ्हाडातल्या माणसाला ही गोष्ट परकी वाटत नाही. त्या तेजीच्या मागोमाग खामगावची कापसाची बाजारपेठ वाढली आणि १८७० मध्ये जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला. पन्नास वर्षांपूर्वी मुंबईहून मँचेस्टरला गेलेल्या गाठींचा हिशेब गाडगीळ केंब्रिजमध्ये बसून मांडत होते, त्यातल्या बऱ्याच गाठी वऱ्हाडच्या होत्या.

संस्थेच्या सुरुवातीच्या पाहण्या मात्र सातारा-पुण्याकडच्या. वाई तालुक्यातल्या शेतीधंद्याची पाहणी, साताऱ्यातल्या प्राथमिक शिक्षणाची पाहणी, पुणे शहरातल्या कुटुंबांची पाहणी अशी ती मालिका आहे. यात वऱ्हाड फारसं दिसत नाही, आणि त्याचं कारण साधं आहे. बुलडाणा तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात होता, संस्था मुंबई इलाख्यात. जिल्हा १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. शिवाय देणगीदार साताऱ्याचे. संशोधन संस्था कुठला प्रश्न हाती घेते हे तिच्या विद्वानांइतकंच तिच्यासोबत कोण उभं आहे यावर ठरतं, आणि गोखले संस्थेच्या नव्वदहून अधिक वर्षांत ते पुन्हापुन्हा दिसतं.

स्वातंत्र्यानंतर हे सोबती बदलले. रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ मध्ये ग्रामीण पतपुरवठ्याची देशव्यापी पाहणी करवली, तिच्या मार्गदर्शक समितीत गाडगीळ होते. शेतकरी जे कर्ज घेतो त्यातलं जेमतेम तीन टक्के सहकारी संस्थांकडून येतं, हे त्या पाहणीने दाखवलं आणि पुढच्या सगळ्या सहकारी पतधोरणाला तो आकडा चिकटला. जिल्हा बँक अडचणीत आली की पीककर्जाचं काय होतं, हे बुलडाण्याने या शतकात भोगलं आहे, तेव्हा हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. १९५४ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाच्या साहाय्याने संस्थेत कृषी-आर्थिक संशोधन केंद्र निघालं. आरोग्य मंत्रालयाच्या साहाय्याने लोकसंख्या संशोधन केंद्रही उभं राहिलं. १९९३ मध्ये संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. अलीकडे, २०२४ मध्ये, ती मथळ्यांत आली ती मात्र कुलगुरूंच्या पात्रतेच्या वादामुळे, जो न्यायालयापर्यंत गेला. पाहण्यांमुळे मथळ्यांत येण्याचे दिवस मागे पडले, असं म्हणावंसं वाटतं.

दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास १९७१ चा. माणसाला रोज २२५० उष्मांक मिळतील एवढं अन्न परवडायला किती खर्च लागतो, त्यावरून त्यांनी रेषा आखली. मोजणी आधी, मत नंतर, हा दांडेकरांचा खाक्या होता. त्यामुळे १९८३ मध्ये राज्य सरकारला प्रादेशिक असमतोलाचा वाद मिटवायचा होता तेव्हा त्यांचं नाव पुढे येणं स्वाभाविकच होतं.

समितीने केलेलं काम जवळून पाहण्यासारखं आहे. रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा, वीज अशी क्षेत्रं घेतली. प्रत्येक क्षेत्रात राज्याची सरासरी काढली आणि जो जिल्हा सरासरीखाली असेल त्याची तूट हा त्याचा अनुशेष धरला. समजा राज्यात पेरणीखालच्या दर शंभर हेक्टरांमागे वीस हेक्टरांना पाणी देण्याची सोय आहे आणि एखाद्या जिल्ह्यात बारा. तर आठाची तूट त्या जिल्ह्याच्या सगळ्या पेरणीक्षेत्राला लावायची, आणि हेक्टरी खर्चाने गुणून रक्कम काढायची. पण उसाचा एक भिजलेला हेक्टर आणि ज्वारीचा एक भिजलेला हेक्टर सारखे कसे धरायचे? ऊस वर्षभर पाणी पितो. म्हणून समितीने सगळं सिंचन रब्बी ज्वारीच्या मापात आणलं. उसाला दिलेल्या पाण्यात किती हेक्टर रब्बी ज्वारी भिजली असती, तेवढे हेक्टर त्या जिल्ह्याच्या खात्यावर. नुसत्या हेक्टरांमागे दडलेलं पश्चिम महाराष्ट्रातल्या कालव्यांचं पाणी या एका मापाने उघडं पडलं. मला तरी समितीच्या अहवालातला हाच सगळ्यात धारदार भाग वाटतो.

१९८४ च्या अहवालात एकूण अनुशेष ३,१८६.७८ कोटी रुपये निघाला, त्यात विदर्भाचा वाटा सुमारे ३९ टक्के. पुढे १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळं आली, निर्देशांक व अनुशेष समिती आली, राज्यपालांचे निर्देश निघू लागले. आणि इथे एक गंमत झाली, बुलडाण्याला न परवडणारी. अनुशेष दोन वह्यांत मांडला गेला, एक रुपयांची आणि एक हेक्टरांची. रुपये ठरलेल्या वर्षाच्या भावाने धरलेले. धरणांचा खर्च वाढत गेला, भूसंपादन लांबलं, आणि पैसे देऊन झाले तरी हेक्टर भिजले नाहीत. म्हणून आर्थिक अनुशेष संपल्याचं जाहीर झाल्यावरही अमरावती, अकोला, वाशीम आणि बुलडाणा या चार जिल्ह्यांचा सिंचनाचा भौतिक अनुशेष उरलाच. पूर्णेवरचा जिगाव प्रकल्प त्याच खात्यावरचा.

सरासरीची एक मर्यादा मात्र या जिल्ह्यात पाय ठेवताच कळते. चिखली, मेहकर, बुलडाणा घाटावर. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर घाटाखाली. घाटाखाली पूर्णेचा खारपाणपट्टा आहे. तिथे विहीर आहे, हातपंप आहे, पाणीही आहे, पण ते खारं. वान धरणावरून १४० गावांची पाणीपुरवठा योजना करावी लागली ती यामुळेच. पाण्याची सोय असलेलं गाव आणि पिण्याजोगं पाणी असलेलं गाव हे एकाच रकान्यात मोजले, तर घाटाखालचं दुखणं कागदावर येणारच नाही.

लोकसंख्येचंही तसंच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची १९९२-९३ ची महाराष्ट्राची फेरी गोखले संस्थेच्या केंद्राने केली, पण ते आकडे राज्याचे होते. या पाहणीत देशातल्या प्रत्येक जिल्ह्याचे आकडे मिळाले ते २०१५-१६ च्या फेरीत. मधल्या काळात २०११ च्या जनगणनेने बुलडाण्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८५५ मुली दाखवल्या आणि जिल्हा हादरला.

२००५ पासून शेतकरी आत्महत्यांनी पुन्हा संशोधकांना इकडे वळवलं. यावेळी सोबती होतं न्यायालय. मुंबई उच्च न्यायालयासमोर टाटा समाजविज्ञान संस्थेचा अहवाल आला, राज्यासाठी इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेने अभ्यास केला आणि २००६ च्या पंतप्रधान पॅकेजच्या सहा जिल्ह्यांत बुलडाणा होता. त्यानंतरची भागीदारी वेगळ्या वळणाची आहे. जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात मुंबईच्या आयआयटीने गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडायची पद्धत बसवली. पाऊस किती पडला, वाहून किती गेला, मुरला किती, पिकांना लागला किती, हे गावागावाचं गणित. खारपाणपट्ट्यातली गावंही त्यात आहेत. दांडेकरांचा घटक जिल्हा होता, इथे तो गाव झाला.

पुढचं पाऊल अमरावती विद्यापीठाच्या कॉलेजांनी उचलावं, असं मला वाटतं. वाईत झाली तशी पाहणी संग्रामपूर तालुक्यात एकदा आणि दहा वर्षांनी त्याच घरांत पुन्हा व्हावी. प्रश्नावली लांब नको. विहिरीचं पाणी पिता का, कॅन विकत घेता का, महिन्याला किती रुपयांचे, घरात किडनीचा आजार आहे का, कपाशीला यंदा कर्ज बँकेचं की कृषी केंद्राची उधारी, आणि धाकट्या मुलीची शाळा कितवीत सुटली.