सोबतीचा परिणाम मोजायचा कसा?

समजा, यवतमाळ जिल्ह्यातील एखाद्या गावात नववीची चार मुले रस्त्याकडेची मोटारसायकल घेऊन पसार झाली. मुख्याध्यापक एकेकाला बोलावून विचारतात, "चोरी वाईट, हे तुला कळत नाही का रे?" चौघेही "कळते सर" म्हणतात, आणि ते खरेही असते. मग असे का झाले? "संगत वाईट," असे आपण चटकन म्हणतो. पण संगतीने मुलगा बिघडतो, की बिघडू लागलेला मुलगा तशी संगत शोधतो? नुसत्या निरीक्षणाने हे ठरत नाही, कारण दोन्हींत चित्र सारखेच दिसते.

यावर उपाय म्हणजे सोबत मुलाने न निवडता चिठ्ठी टाकून ठरवणे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मार्गो गार्डनर व लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी अमेरिकेत ३०६ जणांना संगणकावर मोटारीचा खेळ दिला. पिवळा दिवा लागल्यावरही मोटार जितकी पुढे न्याल तितके गुण जास्त. मात्र लाल दिव्याला ती चालू असली तर भिंतीवर आदळून गुण जात. काहीजण एकटे खेळले, काही दोन समवयस्कांबरोबर. सोबतीत धोका पत्करणे वाढले, आणि ही वाढ २४ वर्षांवरील प्रौढांपेक्षा १३ ते १६ वर्षांच्या मुलांत अधिक होती.

पण खेळातली टक्कर म्हणजे चोरी नव्हे, आणि खरी चोरी कोणाकडून करवून घेता येत नाही. येथे आभासी वास्तव कामी येते. डोळ्यांवर चढवायच्या यंत्रात दोन डोळ्यांना किंचित वेगळी चित्रे दिसतात, मान वळवली की दृश्यही वळते. आपण तेथेच उभे आहोत असे वाटते. ज्याँ-लुई व्हान गेल्डर व सहकाऱ्यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मद्यगृहातील भांडण काही पुरुषांना यंत्रातून दाखवले, काहींना वाचायला दिले. पाहिलेले अधिक खरे वाटले.

आता त्याच दृश्यात मित्र घाला. मोटारसायकल तीच, रस्ता तोच. एका गटातील मुले एकटी, दुसऱ्या गटात दोन आभासी मित्र "चल रे" म्हणणारे, तिसऱ्यात एकजण "नको" म्हणणारा. बाकी सारे कायम असल्याने उत्तरांतील फरक सोबतीचाच. अर्थात पाच वर्षे एका डब्यात जेवलेला मित्र यंत्रात आणता येत नाही, आणि पोलीस येणार नाहीत हेही मुलाला ठाऊक असते.

२०१५ च्या बाल न्याय अधिनियमानुसार १६ ते १८ वयाच्या मुलावर किमान ७ वर्षे शिक्षेच्या गुन्ह्याचा आरोप असेल, तर त्याला परिणाम समजत होते का आणि कृत्य कोणत्या परिस्थितीत घडले, हे बाल न्याय मंडळ तपासते. तेव्हा तो मित्रांपासून दूर, शांत खोलीत उत्तरे देत असतो. वरील प्रयोग गटाची सरासरी सांगतात; त्या एका मुलाने तेव्हा काय विचार केला, हे त्यांवरून काढता येत नाही.