पणजोबांची कात्रणवही

“काहून उचकायलीस बाई ते? रद्दीत चाललंय सगळं,” आजी म्हणाली. दिवाळीची साफसफाई सुरू होती आणि माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत मला एक जाड वही सापडली होती. आत पिवळी पडलेली वर्तमानपत्रांची कात्रणं, खळीनं चिकटवलेली. बाजूला शाईनं बारीक टिपणं. वही माझ्या पणजोबांची. ते आपल्याच हिंगोली भागातल्या एका शाळेवर गुरुजी होते.

सुरुवातीला मला काहीच कळेना, कारण तारखाच वेगळ्या! ‘आबान १३५७ फसली’ म्हणजे काय? कॉलेजातल्या इतिहासाच्या सरांनी उलगडा केला. निजामाच्या राज्यात सरकारी कामकाज फसली सनात चालायचं. हे वर्ष ऑक्टोबरात सुरू व्हायचं. म्हणजे फसली १३५७ हे १९४७-४८ चं वर्ष, आणि आबान हा त्याचा शेवटचा महिना, साधारण आपला सप्टेंबर. एका टिपणात ज्वारीचा भाव ‘हाली’ रुपयांत होता. निजामाचं नाणंही वेगळं होतं ना!

मग पानं लागत गेली. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, आपला मराठवाडा नाही. २९ नोव्हेंबरला निजामानं भारताशी ‘जैसे थे’ करार केला, त्याचं कात्रण आहे. पुढे एकाच पानावर दोन बातम्या: गांधीजींची हत्या आणि स्वातंत्र्यसैनिकांनी उमरीच्या बँकेवर घातलेला छापा. दोन्ही घटना ३० जानेवारी १९४८ च्या. मी त्या वेगवेगळ्या पुस्तकांत वाचल्या होत्या; गुरुजींनी त्या एकाच आठवड्यात सोसल्या होत्या. रझाकारांविरुद्ध लिहिणारे ‘इमरोज’चे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांची ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत हत्या झाली, तीही बातमी आहे. पत्रकारिता शिकतेय म्हणून असेल, त्या पानावर मी बराच वेळ थांबले.

शेवटचं कात्रण १७ सप्टेंबरचं, निजामाच्या शरणागतीचं. त्यानंतर सगळी पानं कोरी.

“कोऱ्या पानांकडेही बघ,” सर म्हणाले. पोलीस ॲक्शननंतर मराठवाड्यात बऱ्याच ठिकाणी मुस्लिमांवर हल्ले झाले. त्याची चौकशी करणाऱ्या पंडित सुंदरलाल समितीनं सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत आपल्या शेजारचं नांदेडही नोंदवलं. तो अहवाल सरकारनं कित्येक दशकं प्रसिद्ध केला नाही. पणजोबांच्या वहीत यातलं काहीच नाही. बातमी पोचली नाही, भीती वाटली, की नकोसं झालं? म्हणून वही खोटी ठरत नाही. एका माणसानं काय जपलं आणि काय सोडलं, हे दोन्ही तिच्यात दिसतं. ती एकटी पुरत नाही, एवढंच.

शिक्षकांनी हा काळ टिपून ठेवणं आपल्याकडे नवं नाही. वसमत तालुक्यातल्या कुरुंद्याचे नरहर कुरुंदकर नांदेडला आधी शाळेत शिकवायचे, नंतर पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले. हैदराबादच्या मुक्तिसंग्रामावर त्यांनी भरपूर लिहिलं. आपल्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे, ते स्वामी रामानंद तीर्थही आधी शिक्षकच. पण गावागावातल्या साध्या गुरुजींची पुस्तकं निघाली नाहीत. त्यांचं लिहिलेलं घरातच राहिलं.

जुन्या कागदपत्रांत ‘हिंगोली जिल्हा’ शोधून तर उपयोगच नाही. आपला जिल्हा झाला १ मे १९९९ ला. १९४८ मधला शोध परभणीच्या नावाखालीच घ्यावा लागतो, आणि गावपातळीवरचं बरंचसं पेट्यांमध्ये पडून आहे.

तुमच्या घरी असं काही असेल तर एवढं करा. प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढा, कोरी पानंही सोडू नका. सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर नकोच. वही कुणाची, कुठल्या गावची, कुणाकडून मिळाली, हे वेगळ्या कागदावर लिहा. मग इतिहासाच्या सरांना किंवा मॅडमना दाखवा. आणि घरातल्या वयस्कर माणसांजवळ ती घेऊन बसा.

आमची वही आता आजीच्या जुन्या सुती लुगड्यात बांधून कपाटात आहे. परवा ती शेवटची कोरी पानं चाळत होती. मग म्हणाली, “तुझा तो मोबाईल चालू कर. सासूबाई सांगायच्या ते सांगते. नंतर इसरून जाईन मी.”