पेण-रोहा परिसरातील स्थलांतरित आदिवासी मुलांसाठीची आधारव्यवस्था

रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा या तालुक्यांत आदिवासी, विशेषतः कातकरी, कुटुंबांच्या हंगामी स्थलांतरामुळे अनेक मुला-मुलींचे शिक्षण, पोषण व सुरक्षितता धोक्यात येते. या मुलांना आधार देण्यासाठी आश्रमशाळा, अंगणवाड्या, बालसंरक्षणाच्या वैधानिक यंत्रणा आणि स्वयंसेवी संस्था कार्यरत आहेत. यांतील बहुतेक सेवा गावाशी किंवा शाळेशी बांधलेल्या आहेत. कुटुंब मात्र वर्षातील सुमारे सहा महिने गावाबाहेर असते. या व्यवस्थेची मुख्य अडचण या विसंगतीतून निर्माण होते.

पार्श्वभूमी

पेण हे मुंबई-गोवा महामार्गावरील, गणेशमूर्तींसाठी प्रसिद्ध असलेले शहर आहे. रोहा कुंडलिका नदीकाठी वसले असून त्याच्याजवळ धाटाव येथे औद्योगिक वसाहत आहे. कोकण रेल्वेचा मार्गही रोह्यापासूनच सुरू होतो. दोन्ही शहरे दळणवळणाच्या दृष्टीने सोयीची असली, तरी डोंगरउतारावरील आदिवासी वाड्या त्यांच्यापासून दूर पडतात. पावसाळ्यात ओढे भरले की काही वाड्यांचा संपर्क तुटतो.

२०११ च्या जनगणनेनुसार रायगड जिल्ह्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे साडेअकरा टक्के होते. त्यांत कातकरी व ठाकूर या प्रमुख जमाती होत. कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या महाराष्ट्रातील तीन जमातींना केंद्र शासनाने विशेष असुरक्षित आदिवासी गट म्हणून मान्यता दिलेली आहे. खैराच्या झाडापासून कात काढण्याच्या पारंपरिक व्यवसायावरून कातकरी हे नाव पडले. जंगलावरील निर्बंध वाढत गेले आणि तो व्यवसाय मोडला. चिरनेर येथील २५ सप्टेंबर १९३० च्या जंगल सत्याग्रहात हुतात्मा झालेल्यांत नाग्या महादू कातकरी यांचा समावेश होता, ही गोष्ट या इतिहासाच्या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगी आहे. पुढे स्वतःची शेतजमीन नसलेल्या बहुसंख्य कुटुंबांना मजुरीवाचून पर्याय उरला नाही.

जिल्ह्याची आणखी एक प्रशासकीय मर्यादा आहे. रायगड जिल्हा संविधानाच्या पाचव्या अनुसूचीतील अनुसूचित क्षेत्रात मोडत नाही. त्यामुळे १९९६ चा पेसा कायदा येथे लागू होत नाही. केवळ अनुसूचित क्षेत्रापुरत्या असलेल्या योजनांचा लाभही येथील वाड्यांना मिळत नाही.

स्थलांतर आणि मुले

भातकापणी आटोपून दिवाळी झाली की कुटुंबे वीटभट्ट्यांवर व कोळसाभट्ट्यांवर निघतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. कामाचा ठराव त्याआधीच झालेला असतो. मुकादम किंवा मालक आगाऊ रक्कम देतो. तिला उचल किंवा बयाणा म्हणतात. पावसाळ्यातील उपासमारीत, आजारपणात किंवा लग्नकार्यात ती खर्च होते आणि हंगामभर कामातून फेडावी लागते. हिशेब मालकाच्या वहीत असल्यामुळे उचल फिटली की नाही, हे मजुराला अनेकदा कळत नाही. वेठबिगार पद्धती १९७६ च्या कायद्याने रद्द झाली असली, तरी उचलीच्या व्यवहारात तिची लक्षणे आढळतात.

वीटभट्टीवर मजुरी हजार विटांमागे ठरते व ती कुटुंबाला मिळून दिली जाते. मुलाचे नाव मजुराच्या यादीत कोठेच नसते. परंतु वाळत घातलेल्या विटा उलटणे, पाणी आणणे, धाकट्या भावंडाला सांभाळणे ही कामे त्याच्याच वाट्याला येतात. कायद्याने चौदा वर्षांखालील मुलास कामावर ठेवण्यास बंदी आहे. मात्र येथे मुलाला कोणी ‘ठेवलेले’ नसल्याने बालमजुरी कागदावर दिसत नाही. कोळसाभट्टीवरील स्थिती अधिक बिकट असते. वीटभट्टीवर निदान दहा-वीस कुटुंबे एकत्र असतात आणि ती बहुधा रस्त्यालगत असते. कोळसा पाडणारे कुटुंब घाटमाथ्यावर किंवा थेट कर्नाटकात एखाद्या माळरानावर एकटेच राहते. तेथे अंगणवाडी सेविका पोहोचत नाही आणि शिक्षकही येत नाही.

किशोरवयीन मुलींच्या बाबतीत बालविवाहाचा धोका असतो. काम अनेकदा जोडप्याच्या हिशेबाने दिले जाते, म्हणून नवविवाहित जोडप्याला स्वतंत्र उचल मिळू शकते. त्यातच आईवडील भट्टीवर गेले असता वयात आलेल्या मुलीला वाडीत एकटी कशी ठेवावी, ही चिंता खरी असते. केवळ अज्ञान किंवा रूढी यांवर बोट ठेवणारे स्पष्टीकरण अपुरे आहे.

आश्रमशाळा

आदिवासी विकास विभागाचे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय पेण येथे आहे. त्याच्या अखत्यारीत पेण तालुक्यातील वरसई व वरवणे, रोहा तालुक्यातील सानेगाव इत्यादी ठिकाणी शासकीय आश्रमशाळा चालतात. निवास, भोजन, गणवेश व पुस्तके विनामूल्य असल्यामुळे पालक स्थलांतरित झाले तरी मूल एका जागी राहू शकते. उपलब्ध सेवांपैकी स्थलांतराच्या प्रश्नाला थेट उत्तर देणारी ही सर्वांत जुनी सेवा होय.

शेजारच्या खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. त्या वेळी वाडीतील काही मुले आश्रमशाळेत निवासी असल्याने बचावली. त्यांपैकी काहींचे आईवडील मात्र त्या रात्री दगावले. अशा मुलांच्या दृष्टीने शाळा हेच घर ठरते.

तथापि आश्रमशाळेचा आधार अखंड नसतो. दिवाळीची सुटी आणि स्थलांतराचा आरंभ एकाच सुमारास येतो. सुटीसाठी घरी गेलेले मूल कुटुंबाबरोबर भट्टीवर गेले, तर सत्र सुरू होताना ते वर्गात नसते. त्याला परत आणण्याचे काम बहुधा शिक्षक व अधीक्षक यांच्या वैयक्तिक तळमळीवर अवलंबून राहते. घरी कातकरी बोली बोलणाऱ्या मुलाला पहिलीत प्रमाण मराठीशी जुळवून घ्यावे लागते. वसतिगृहातील आरोग्य व मुलींची सुरक्षितता हे राज्यभरातील आश्रमशाळांबाबत वारंवार उपस्थित झालेले प्रश्न आहेत.

गावातच राहू शकणाऱ्या मुलांसाठी शिक्षण विभागातर्फे हंगामी वसतिगृहाची तरतूद आहे. यात आजी-आजोबांकडे किंवा नातलगांकडे मागे राहिलेल्या मुलांच्या जेवणाची व अभ्यासाची सोय केली जाते. याउलट, मुलांच्या मागोमाग शाळाच कामाच्या जागी नेण्याचा प्रयोग तत्कालीन ठाणे जिल्ह्यात विधायक संसद या संस्थेने केला. वीटभट्टीवरील मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीला भोंगा म्हणतात. त्यावरून या शाळांना भोंगाशाळा हे नाव मिळाले.

बालसंरक्षण यंत्रणा

बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाला चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे हजर करावे लागते. समितीत अध्यक्ष व चार सदस्य असतात. कायद्याशी संघर्ष झालेल्या अठरा वर्षांखालील मुलांची प्रकरणे बाल न्याय मंडळाकडे जातात. या दोन वाटा वेगळ्या आहेत, हे पालकांनाच नव्हे तर अनेक सुशिक्षितांनाही ठाऊक नसते. ग्रामीण भागात ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. संकटातील मुलांसाठी १०९८ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा चोवीस तास उपलब्ध असते.

एक किंवा दोन्ही पालक गमावलेल्या, तसेच अन्य गंभीर कौटुंबिक संकटातील मुलांना संस्थेत न पाठवता कुटुंबातच वाढवता यावे, यासाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे. तिचे अनुदान २०२३ मध्ये दरमहा ११०० रुपयांवरून २२५० रुपये करण्यात आले.

संस्था व संघटना

पेण येथील अंकुर ट्रस्ट आणि रायगड जिल्ह्यात कातकरी समाजात दीर्घकाळ काम करणारे सर्वहारा जन आंदोलन यांनी जमीनहक्क, मजुरी व शिधापत्रिका यांसारखे प्रश्न हाती घेतले. हे काम वरवर मुलांसाठीचे वाटत नाही. प्रत्यक्षात पावसाळ्यात घरात धान्य असले तर उचल घेण्याची गरज कमी होते, आणि उचल नसेल तर मुलाला भट्टीवर नेण्याचे कारणही उरत नाही.

दाखले व पुढील शिक्षण

दहावीनंतर शिष्यवृत्ती, वसतिगृह व राखीव जागा यांसाठी जातीचा दाखला आवश्यक असतो. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या जमिनीवर वाडी करून राहिलेल्या आणि शाळेचे तोंड न पाहिलेल्या घराण्याकडे सातबारा नसतो आणि आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखलाही नसतो. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या विद्यार्थ्यांना भोजन व निवासाचा खर्च देणारी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. पण तिचा लाभही या कागदावरच अवलंबून असतो. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम-जनमन अभियानात घरकुलांबरोबरच आधारपत्र, जातीचा दाखला व बँक खाते मिळवून देण्यासाठी वाड्यांवर शिबिरे घेण्यात आली. अशी शिबिरे दिवाळीनंतर भरली, तर भट्टीवर गेलेली कुटुंबे त्यांतूनही वगळली जातात.