थकबाकी मिळाली, 'फॉर्म १०ई' भरला का?

गोंडपिपरी - रखडलेली वेतननिश्चिती अखेर मंजूर होते, मागील वर्षांची थकबाकी एकाच महिन्यात जमा होते आणि त्या वर्षीचा प्राप्तिकरही एकदम वाढतो. गोंडपिपरीसारख्या तालुक्यात काम करणारे शिक्षक, ग्रामसेवक, वनरक्षक तसेच निवृत्तिवेतनधारक यांना हा अनुभव नवा नाही. मात्र, हा जादा कर कमी करणारी तरतूद कायद्यातच आहे, याकडे अनेकांचे दुर्लक्ष होते. प्राप्तिकर कायदा, १९६१ मधील कलम ८९ ही ती तरतूद होय.

प्राप्तिकराची आकारणी साधारणपणे वेतन ज्या वर्षी मिळाले त्या वर्षी होते. त्यामुळे मागील वर्षांचे वेतन उशिरा हाती आले, की उत्पन्न वरच्या टप्प्यात जाते. उशीर कार्यालयाचा आणि भुर्दंड कर्मचाऱ्याला, असा हा प्रकार. ही रक्कम वेळेवर मिळाली असती, तर जेवढा कर लागला असता तेवढाच आता लागावा, हे कलम ८९ चे सूत्र आहे.

थकबाकी येते कोठून?

राज्यात सातवा वेतन आयोग १ जानेवारी २०१६ पासून लागू झाला. प्रत्यक्ष वाढीव वेतन जानेवारी २०१९ पासून मिळू लागले आणि मधल्या तीन वर्षांची थकबाकी २०१९-२० पासून पाच हप्त्यांत देण्याचे ठरले. अनेकांचे हप्ते भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात जमा झाले. पैसा हाती आला नाही, तरी ती रक्कम करपात्र ठरते. याशिवाय १२ वर्षांच्या सेवेनंतरची वरिष्ठ आणि २४ वर्षांनंतरची निवड वेतनश्रेणी, तसेच ६ ऑगस्ट २००२ च्या शासन निर्णयानुसार आदिवासी व नक्षलग्रस्त भागातील कर्मचाऱ्यांना दिली जाणारी एकस्तर वेतनश्रेणी यांची मंजुरी लांबली, की पुन्हा थकबाकी निघते.

फरक किती पडतो?

समजा, एका शिक्षकाचे २०२५-२६ मधील करपात्र उत्पन्न ११ लाख ५० हजार रुपये आहे. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट असल्याने त्यांना कर लागत नाही. त्याच वर्षी २०२४-२५ ची तीन लाख रुपये थकबाकी मिळाली, तर उत्पन्न १४ लाख ५० हजार होते आणि उपकरासह एक लाख १ हजार ४०० रुपये कर येतो. २०२४-२५ मध्ये त्यांचे करपात्र उत्पन्न १० लाख ५० हजार होते, असे धरू. हे तीन लाख त्याच वर्षी मिळाले असते, तर नव्या प्रणालीच्या तेव्हाच्या दरांनुसार ५४ हजार ६०० रुपये जादा कर लागला असता. या दोहोंतील फरक, म्हणजे ४६ हजार ८०० रुपये, ही त्यांना मिळणारी सवलत.

काय करावे?

कार्यालयाकडून थकबाकीचे वर्षनिहाय विवरण लेखी घ्यावे. संबंधित वर्षांची विवरणपत्रे जवळ ठेवावीत. त्यानंतर प्राप्तिकर विभागाच्या संकेतस्थळावर 'फॉर्म १०ई' भरावा. त्यासाठी चंद्रपूरला जाण्याची आवश्यकता नाही. हा फॉर्म विवरणपत्रापूर्वी भरणे महत्त्वाचे आहे. विवरणपत्रात सवलत दाखवली, पण फॉर्म भरला नाही, तर सवलत नाकारली जाते आणि कराच्या मागणीची सूचना येते. शासकीय कर्मचाऱ्याने हा तपशील आधीच दिल्यास वेतन काढणारा अधिकारीही करकपात करताना सवलत विचारात घेऊ शकतो.

ही सवलत जुन्या व नव्या अशा दोन्ही करप्रणालींत मिळते. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा, २०२५ लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत. तथापि, २०२५-२६ च्या उत्पन्नाला १९६१ चाच कायदा लागू आहे.

याही वजावटी पाहा

- कुटुंब निवृत्तिवेतन : नव्या प्रणालीत एक तृतीयांश रक्कम किंवा २५ हजार रुपये, यांपैकी कमी असेल ती वजावट. जुन्या प्रणालीत कमाल मर्यादा १५ हजार.
- राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेतील शासनाचे अंशदान : मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या १४ टक्क्यांपर्यंत, दोन्ही प्रणालींत.
- विमा नसलेल्या ज्येष्ठ आईवडिलांचा औषधोपचार : ५० हजार रुपयांपर्यंत, फक्त जुन्या प्रणालीत. खर्च रोखीने केलेला नसावा.
- शैक्षणिक कर्जाचे व्याज : परतफेड सुरू झाल्यापासून कमाल आठ वर्षे, फक्त जुन्या प्रणालीत.

एखाद्या मागील वर्षी परताव्याची मागणी राहून गेली असल्यास विलंबमाफीचा अर्ज करता येतो. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकानुसार करनिर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांनंतर असा अर्ज स्वीकारला जात नाही. त्यामुळे थकबाकीची जुनी बिले आताच पडताळून पाहिलेली बरी.