अ‍ॅव्हरेज पडलं, गाडी उभ्या-उभ्या थरथरते. दोष इथेनॉलचा की गाडीचा?

आधी लिटरला १८ किलोमीटर देणारी जुनी पेट्रोल कार आता १३ वर आली. जालन्यात अंबड चौफुलीला गर्दीत थांबली की स्टेअरिंग थरथरतं, कधी इंजिन बंदच पडतं. एमएच २१ नंबरच्या दहा-पंधरा वर्षं जुन्या गाड्यांच्या मालकांची ही नेहमीची तक्रार. त्यावर हल्ली ठरलेलं उत्तर मिळतं, “पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे ना!”

हे उत्तर अर्धंच खरं आहे. त्यावर विसंबलं तर खरा बिघाड तसाच राहतो आणि दर महिन्याला पेट्रोलचे पैसे जळत राहतात.

इथेनॉलमुळे अ‍ॅव्हरेज किती पडतं?

एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा असते. त्यामुळे २० टक्के इथेनॉल असलेल्या ई-२० मध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा ६ ते ७ टक्के ऊर्जा कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही जुन्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के घट धरली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने ई-१० साठी बनवून ई-२० ला जुळवलेल्या गाड्यांत १ ते २ टक्के आणि इतर गाड्यांत ३ ते ६ टक्के घट सांगितली.

आता हिशोब करा. १८ चे ७ टक्के म्हणजे सव्वा किलोमीटर. गाडी १६.७ वर आली असती तर इथेनॉलकडे बोट दाखवता आलं असतं. १८ वरून १३ म्हणजे जवळपास २८ टक्के घट. एवढी घट एकट्या इथेनॉलने होत नाही.

आधी नीट मोजा

पंपावर नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरा, ट्रिप मीटर शून्यावर आणा. किमान ३०० किलोमीटर चालवून त्याच पंपावर तशीच टाकी भरा. ३१२ किलोमीटरला २४ लिटर लागलं, तर अ‍ॅव्हरेज १३.

तुलना सारख्याच रस्त्यांची हवी. समृद्धी महामार्गावर १२० च्या वेगाने हवेचा अडथळा ८० च्या वेगाच्या सव्वादोन पट होतो. तिथलं अ‍ॅव्हरेज मंठा-परतूर रस्त्याच्या अ‍ॅव्हरेजशी ताडून काही कळणार नाही.

एक लक्षण की दोन?

अ‍ॅव्हरेज पडलंय, पण उभी असताना गाडी शांत आहे? मग इंजिन उघडण्याआधी चाकांकडे बघा. दरवाजाजवळच्या स्टिकरवर दिलेली हवा टायरमध्ये आहे का? ब्रेक धरून बसलाय का? दहा-पंधरा किलोमीटर चालवल्यावर एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापत असेल तर तो ब्रेक अडकतोय. क्लच घसरत असेल तर आवाज वाढतो, वेग वाढत नाही.

अ‍ॅव्हरेजही पडलं आणि गाडी थरथरतेही? मग इंधन नीट जळत नाही. शोध इंजिनात घ्यायचा.

स्वस्तातल्या तपासण्या आधी

*स्पार्क प्लग :* टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. तेलकट काळं म्हणजे ऑइल जळतंय. पांढरं म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त. मारुती ८०० किंवा जुन्या ८०० सीसी अल्टोत तीनच सिलिंडर. त्यातला एक बंद पडला तर गाडी जोरात हलणारच. कॉइल आणि प्लगच्या वायरीही तपासून घ्या, मात्र चालू इंजिनवर वायर हाताने ओढू नका, जोराचा शॉक बसतो.

*एअर फिल्टर :* कच्च्या रस्त्यांच्या धुळीत तो लवकर भरतो. कार्ब्युरेटरच्या गाडीत त्यामुळे पेट्रोल जास्त जातं, इंजेक्शनच्या गाडीत मुख्यतः पिकअप मरतो.

*व्हॅक्यूमचे पाइप :* जुना रबर उन्हाने तडकतो आणि चोरटी हवा आत जाते. ‘स्स्स’ असा आवाज येत असेल आणि रेस दिल्यावर थरथर कमी होत असेल, तर संशय इथे घ्या.

*थ्रॉटल बॉडी :* काजळी साचली की उभ्या गाडीचं इंजिन डचमळतं. साफ करून घेणं पार्ट बदलण्यापेक्षा कितीतरी स्वस्त.

काढून टाकलेला थर्मोस्टॅट

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात गाडी गरम झाली की काही ठिकाणी थर्मोस्टॅटच काढून टाकतात. मग इंजिन हवं तेवढं तापतच नाही. कॉम्प्युटर ते थंड समजून जास्त पेट्रोल सोडत राहतो. लांबच्या प्रवासातही तापमानाचा काटा खालीच राहत असेल, तर हे नक्की विचारा.

पीयूसीची पावती वाचा

पावतीवर सीओ आणि एचसी असे दोन आकडे असतात. सीओ जास्त म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. एचसी जास्त म्हणजे बरंचसं न जळताच बाहेर पडतंय.

गाडीत स्कॅनरचं सॉकेट असेल तर कोड काढून घ्या. पी ०३०० म्हणजे मिसफायर, पी ०१७१ म्हणजे पेट्रोल कमी, पी ०१७२ म्हणजे जास्त. पण कोड फक्त दिशा दाखवतो. ०१७१ आला म्हणून लगेच ऑक्सिजन सेन्सर बदलू नका, कारण फुटका व्हॅक्यूम पाइपही हाच कोड देतो. ‘चेक इंजिन’चा दिवा लुकलुकत असेल तर गाडी दामटू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतं आणि तो खर्च मोठा असतो.

मग इथेनॉल निर्दोष?

तसंही नाही. कार्ब्युरेटरच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर नसल्याने ई-२० वर मिश्रण पातळ होतं आणि इंजिन थरथरू शकतं. जुने रबरी पाइप, गॅस्केट लवकर खराब होऊ शकतात. टाकीतला जुना गाळ सुटून फ्युएल फिल्टर तुंबू शकतो. महिनोन्‌महिने उभ्या गाडीत इथेनॉल ओलावा ओढतं. फिल्टर आणि पाइप तपासले तर यातलं बरंच टळतं.

एवढं सगळं ठीक निघालं, तरच कॉम्प्रेशन आणि व्हॉल्व्हची तपासणी करायची. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि पुन्हा टाकी भरून मोजा. चार पार्ट एकदम बदलले तर गाडी सुधारेलही, पण तीन पार्टांचे पैसे कशासाठी गेले, ते कधीच कळणार नाही.