हिंगोली डेक्कन, ताटासकट

मुंबईहून निघालेली जनशताब्दी हिंगोलीला पोचेपर्यंत चांगली रात्र झालेली असते. पूर्वी ही गाडी जालन्यालाच थांबायची. 2024 पासून परभणी, वसमत करत इथवर येते. आमचे साडू फलाटावर उतरले आणि बॅग खाली ठेवायच्या आधीच पिवळ्या पाटीकडे बोट करून म्हणाले, "हे डेक्कन कसलं?"

पाटीवर 'हिंगोली डेक्कन' असं लिहिलेलं आहे. पुणेकराला डेक्कन म्हटलं की जिमखाना आठवतो, मुंबईकराला क्वीन. आमचं डेक्कन तिसरंच. हे स्टेशन दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात येतं आणि साहेब लोक बसतात सिकंदराबादला. 2008 साली रुंद रूळ आले, त्याआधी या मार्गावर मीटरगेजची मीनाक्षी एक्सप्रेस धावायची. नाव मदुराईच्या देवीचं, धाव काचीगुडा ते जयपूर. मदुराई काही त्या गाडीनं जन्मात पाहिली नाही.

साडू माटुंग्याचे. रामा नायकांच्या 1942 सालच्या खानावळीत केळीच्या पानावर जेवत वाढलेला माणूस. त्यामुळे दाक्षिणात्य खाण्याचा निवाडा करणं हे आपलं वतन आहे, अशी त्यांची पक्की समजूत. खिशात एक छोटी वही असते. जिथं खातील तिथं दहापैकी गुण द्यायचे आणि पुढं एका ओळीचा शेरा. रिक्षात बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, "तुमच्या हिंगोलीत साउथ इंडियन मिळतं का हो?"

मिळतं की. फक्त कुठलं साउथ, ते आधी ठरवायला पाहिजे.

सकाळी बसस्टँडच्या बाजूला एका गाड्यावर उभे राहिलो. हिंगोलीत सकाळी पोहे, भजे आणि इडली-डोसा शेजारी शेजारी नांदतात, आणि एकाच प्लेटमध्ये अर्धे पोहे नि वर सांबार मागणारं गिऱ्हाईकही भेटतं. साडूंनी मसाला डोसा सांगितला. तव्यावर पाणी शिंपडून खराट्यानं पुसलं, पीठ पडलं, वाटीनं फिरलं. इथपर्यंत सगळं शास्त्रोक्त. पण तवा पुरता तापलेला नव्हता, त्यामुळे डोसा कडेनं सुटायच्या ऐवजी उलथन्यानं खरवडून काढावा लागला. कुरकुरीत असायला हवा तो धिरड्यासारखा मऊ आला. भाजीत बटाट्याबरोबर मटार होते आणि किंचित साखरही.

"चार," साडू म्हणाले आणि वहीत लिहिलं.

चारला माझी हरकत नव्हती. डोसा वाईटच होता. त्याची कारणंही मला ठाऊक आहेत. इडली-डोशाला लागतो तो उकडा तांदूळ. आमच्याकडे वाण्याकडचा साधा जाडा तांदूळ घेतात आणि पीठ हलकं यावं म्हणून त्यात रवा नाहीतर पोहे घालतात. शिवाय हवा. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो तेव्हा रात्री वाटलेलं पीठ पहाटेलाच आंबट होऊन बसतं, आणि थंडीत तेच पीठ सकाळपर्यंत हलत नाही. उडुपीची दमट हवा इथं कुठून आणणार?

सांबाराला मात्र त्यांनी सात दिले, आणि ते रास्तच. मराठवाडा तुरीचा मुलूख. शेवगा कुंपणाला, चिंच रस्त्याच्या कडेला. डाळ घोटून दाट केलेली, चिंच पुढं आलेली, आणि मागून काळ्या मसाल्याचा हलका वास. सांबार समोर आलं की मराठी माणसाला तंजावरच्या मराठी राजवाड्यातली गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही: आमसूल संपलं, चिंच घातली, संभाजीराजांच्या नावावरून सांबार झालं वगैरे. साडूंनीही ती सांगितली. खरी की खोटी हे तंजावरलाही नक्की सांगता येणार नाही, पण गोष्ट संपेपर्यंत सांबार थंड होतं हे खरं.

भांडण झालं ते चटणीवरून. "शेंगदाण्याची चटणी डोशाबरोबर? खोबरं महाग पडलं म्हणून दाणे वाटलेत," असं म्हणून त्यांनी एक गुण द्यायची तयारी केली. मी त्यांचा हात धरला. माटुंग्याच्या वहीत ही चटणी नसेल, पण इथून गाडीत बसून हैदराबादला उतरा आणि कुठल्याही टिफिन सेंटरमध्ये जा. इडली-डोशाबरोबर पहिली वाटी येते ती भाजल्या शेंगदाण्यांचीच. तिला तिथं पल्ली चटणी म्हणतात. दाणे खमंग भाजायचे, हिरवी मिरची तेलात परतायची, लसूण, चिंचेचं बुटुक, वरून मोहरी-कढीपत्त्याची फोडणी. गाड्यावरची चटणी अगदी तीच होती. उडुपीच्या नजरेनं ती नापास होते, काचीगुड्याच्या नजरेनं पहिल्या वर्गात पास. साडूंनी रकाना कोरा ठेवला.

हिंगोलीची दक्षिण हैदराबादकडे तोंड करून आहे, आणि त्याला इतिहास आहे. 1853 च्या तहात निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं ते हैदराबाद कॉन्टिन्जंट नावाच्या फौजेच्या खर्चापोटी. त्या फौजेचं एक ठाणं हिंगोलीत होतं. 1903 साली कॉन्टिन्जंट मोडून हिंदुस्थानी सैन्यात मिसळली. छावणी उठली, वस्त्यांची नावं राहिली: रिसाला, पलटण, तोफखाना, सदर बाजार. निवृत्त शिपायांच्या आठवणीचा पेन्शनपुराही आहे. सप्टेंबर 1948 पर्यंत इथली कचेरी उर्दूत चालायची. 1956 ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, पुढं परभणीतून 1 मे 1999 ला हिंगोली जिल्हा वेगळा निघाला. कागदावर तीनदा पत्ता बदलला. स्वयंपाकघराला ते कुणी कळवलं नाही.

म्हणून रात्री रिसाल्याच्या बाजूला गेलो. आजूबाजूला 'हौ' आणि 'नक्को' ऐकू यायला लागलं. हा 'नक्को' दखनीत मराठीतूनच गेलेला. बिर्याणीची ऑर्डर दिली. आली ती लाल-पिवळ्या भाताची डोंगरी, त्यात मसाल्यात आधी शिजवलेले चिकनचे तुकडे. हैदराबादची बिर्याणी कच्च्या गोश्ताची; मटण मुरवून वर अर्धकच्चा भात टाकून दमाला लावायचा असतो. इथं दम कुणाकडे आहे? दुपारी एकपासून रात्री अकरापर्यंत गिऱ्हाईक येणार, मग मसाला वेगळा, भात वेगळा आणि ताटात भेट. साडूंचे गुण सहा. मी साडेपाच दिले असते. भात मोकळा होता, पण तुकड्याच्या आत मीठ पोचलं नव्हतं.

खरं सांगायचं तर ज्याला हिंगोलीत अस्सल दखनी चव हवी त्यानं हॉटेल शोधू नये, लग्नपत्रिका शोधावी. मुसलमान मित्राच्या घरच्या लग्नात बसलात की समोर येतो बगारा खाना आणि दालचा. बगारा खाना म्हणजे खडा मसाला, कांदा, पुदिन्याच्या फोडणीचा पांढरा भात. दखनीत भातालाच खाना म्हणतात. दालचा म्हणजे डाळ, दुधी भोपळा, मटण आणि वरून चिंच. डाळ घोटलेली पण दुधीची फोड शाबूत, हाडाचा अर्क उतरलेला, आंबटपणा जिभेच्या कडांना लागणारा. पंगतीत वाढपी बादली घेऊन फिरतो आणि 'दालचा, दालचा' असं ओरडत पुढं जातो तोवर हात आडवा करायचं भान राहत नाही. हे हॉटेलच्या पाटीवर फारसं दिसत नाही. का, ते मला आजवर कळलेलं नाही. पनीर बटर मसाला मात्र गल्लोगल्ली.

दुसऱ्या दिवशी औंढ्याला. नागनाथाचं हेमाडपंती देऊळ, गाभाऱ्यात अरुंद पायऱ्यांवरून वाकून खाली उतरावं लागतं. नामदेवांच्या कीर्तनासाठी हे देऊळ फिरलं अशी कथा, आणि त्यांचं नरसी गाव याच जिल्ह्यातलं. ज्योतिर्लिंगांच्या यात्रेतला मुक्काम असल्यामुळे तेलंगणा-कर्नाटकातून भरभरून गाड्या येतात. आम्ही एका घरगुती खानावळीत बसलो होतो तेव्हा शेजारच्या बाकावर असंच एक तेलुगू कुटुंब होतं. मालकीणबाईंनी ताटात ज्वारीच्या गरम भाकरी ठेवल्या. त्यातल्या आजींनी भाकरी बोटानं दाबून पाहिली, नातवाला "जोन्न रोट्टे" म्हणाल्या आणि तोडून खायला लागल्या. नातवाला मात्र भातच पाहिजे होता, तोही आधी. बाई म्हणाल्या, "भात शेवटी असतो, बाळा." त्याला मराठी येत नव्हतं, तरी समजलं.

त्या ताटात अंबाडीची भाजी होती. ज्वारीच्या कण्या घालून शिजवलेली, वर लसणाची कडकडीत फोडणी. साडूंनी पहिला घास घेतला, थांबले, दुसरा घेतला. "हे तर गोंगुरा!" तेच. आंध्र भवनात रांग लावून खातात तो गोंगुरा म्हणजे आमची अंबाडी. तिकडे तिचं लोणचं घालतात, कधी मटणात टाकतात, इकडे कण्या. ती भाजी त्या दिवशी योगायोगानं होती. एरवी रस्त्यावरच्या ढाब्यांवर शेवभाजी, दाल तडका, अंडाकरी यापलीकडं काही मागू नये. मागितलं तर पोऱ्या आत जातो, येतो आणि "संपलं" म्हणतो. अंबाडी घरी असते, हॉटेलात नसते. औंढ्याला साडूंनी नऊ दिले. एक कशाचा कापला विचारलं, तर म्हणाले, ताक पातळ होतं.

परतीच्या वाटेवर वसमतकडून येणाऱ्या गाड्यांमधून हळदीचा वास येत होता. फेब्रुवारी म्हणजे काढणीचा हंगाम. शेतात कुकर लावून कंद शिजवतात. ओल्या मातीचा नि औषधाचा मिळून असा तो जड वास कोसभर पसरतो. मग पंधरा दिवस ऊन, मग पॉलिश, मग हिंगोलीचं संत नामदेव मार्केट यार्ड. 2024 मध्ये वसमत हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं. गंमत अशी की या भागात जी जात सगळ्यात जास्त लावतात तिचं नाव सेलम, म्हणजे तमिळनाडूतलं सेलम गाव. साडू म्हणाले, "म्हणजे तुमची मराठी हळद मुळात मद्राशी." मी म्हटलं, चार पिढ्या माटुंग्यात राहून तुम्ही जितके मुंबईकर, तितकीच ती वसमतची.

तिसऱ्या दिवशी त्यांना नांदेडहून पुढची गाडी होती. जाताना वारंगा फाटा लागतो, आणि वारंग्याला न थांबता जाणारा माणूस एकतर उपाशी राहायच्या व्रतात असतो किंवा ड्रायव्हर झोपलेला असतो. कळमनुरी तालुक्यातला हा फाटा. अकोल्याहून हिंगोलीमार्गे तेलंगणातल्या संगारेड्डीकडे जाणारा 161 क्रमांकाचा आणि तुळजापूर-नागपूरचा 361 क्रमांकाचा, असे दोन राष्ट्रीय महामार्ग इथं गाठ घेतात. विदर्भ, मराठवाडा, तेलंगणा, तिन्हीकडचे ट्रक, एसटी, वऱ्हाडाच्या जीपा. आणि या सगळ्यांनी पंचक्रोशीत नाव केलंय ते खिचडीचं.

आता खिचडी ही काय बाहेर खायची गोष्ट आहे? आजाऱ्याचं जेवण ते. पण हैदराबादेत खिचडी हा सकाळचा राजेशाही नाश्ता, खिमा आणि तीळ-चिंचेच्या खट्ट्याबरोबर. आमच्याकडे ती शाकाहारी झाली, डाळ बदलली, खट्ट्याच्या जागी कढी आली. पूर्वी ज्वारीच्या या मुलखात भात सणासुदीला किंवा पाहुणा आला तरच शिजायचा; त्यामुळे वाफाळलेला पिवळा भात पानावर येणं यात अजून थोडा मानपान आहे.

आमच्या पुढ्यात आली ती अशी: मोठ्या पातेल्यातून डावानं काढलेली, शीत अन् शीत दिसेल पण चिकटून राहील इतकीच मऊ. हळद उघड, मिरं दाताखाली येणारं. बाजूला कढी, पापड, तळलेली मिरची, उभा चिरलेला कांदा. साडूंनी मिरचीचं टोक मोडलं, खिचडीत कढी ओतली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. शेजारच्या बाकावर एक ट्रकवाला तिसऱ्यांदा मागत होता आणि वाढणारा पोरगा न विचारता टाकत होता. साडूंनीही दुसऱ्यांदा ताट पुढं केलं.

वही बाहेर आली ती गाडीत बसल्यावर. मला वाटलं आता दहा पडतात. साडेआठ. "कढी गोड होती," म्हणाले. इथं गुळाचा खडा टाकतात, मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, गुण वाढवले नाहीत. मग पानं उलटून मागं गेले, बसस्टँडच्या गाड्यापाशी थांबले. डोशाचे चार तसेच राहिले. चटणीचा रकाना अजून कोराच होता.

"ती पल्ली का काय," ते म्हणाले, "त्यात चिंच किती घालतात?"