जुन्या घराच्या माळ्यावरचा सुमीत

दादर-माटुंग्याकडे जुने फ्लॅट बघत फिरताय? मग स्वयंपाकघराच्या माळ्यावर नजर टाकाच! परवा एका घरात मला चक्क जुना सुमीत मिक्सर दिसला. जाडजूड स्टीलचं भांडं, त्याच्या कडेला अजून हळदीचा पिवळा डाग.

परदेशी मिक्सर आपल्या वाटणापुढे टेकीला यायचे. पत्नीचा जर्मन मिक्सर बंद पडला, तेव्हा इंजिनियर सत्यप्रकाश माथुर यांनी दणकट मोटर बनवायचं मनावर घेतलं आणि १९६३ मध्ये सुमीत आला. ओलं खोबरं, भिजवलेली डाळ, सुक्या मिरच्या, सगळं वाटणारा! माझ्या मते आपल्या स्वयंपाकघरातली ही मोठीच क्रांती.

असा मिक्सर मिळाला तर लगेच प्लग लावू नका. जुन्या वायरचं आवरण कडक होऊन तडकतं, ती आधी बदला. आत मोटरला घासणारे दोन कार्बन ब्रश असतात. ते झिजले की ठिणग्या उडतात किंवा मोटर फिरतच नाही. लोक मशीनच गेलं समजून भंगारात देतात, आणि काम असतं फक्त ब्रश बदलण्याचं. भांड्याखालचा कपलर आणि झाकणाचं रबरही तपासा.

घरमालकांना विचारायला लाजू नका, बरेच जण आनंदाने देतात.